सरोवराची वाट आणि सरोवराचा कांठ

पाण्याच्या कांठीं वसलेल्या कोणत्याहि शहराच्या इतिहासांत दोन प्रश्न हटकून आढळतात. पाण्यापर्यंत जाण्याची वाट कोणी बांधली, हा पहिला. आणि वाट झाल्यावर त्या पाण्यांत उतरण्याची मोकळीक कोणास मिळाली, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर रेल्वे कंपन्यांच्या दप्तरांत आणि नगरपालिकेच्या ठरावांत सांपडतें. दुसऱ्याचें उत्तर पुष्कळदां न्यायालयांत सांपडतें, आणि कधीं कधीं तें रक्तानें लिहिलेलें असतें. अमेरिकेंतील शिकागो शहर व त्याचा हाइड पार्क नांवाचा सरोवराकांठचा भाग यांची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. कारण तेथें या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें एकाच लोहमार्गाच्या कडेनें, अवघ्या ७ मैलांच्या अंतरांत, ओळीनें मांडून ठेवल्यासारखीं दिसतात.

शिकागो शहर मिशिगन सरोवराच्या नैर्ऋत्य कांठावर वसलेलें आहे. सरोवर म्हटलें म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें कोल्हापूरचा रंकाळा किंवा ठाण्याचें मासुंदा तळें उभें राहतें. पलीकडचा कांठ सहज दृष्टीस पडावा, एवढाच त्यांचा विस्तार. मिशिगन सरोवर तसें नाहीं. त्याची दक्षिणोत्तर लांबी ३०० मैलांहून अधिक असून क्षेत्रफळ सुमारें ५८,००० चौरस किलोमीटर आहे. पलीकडचा कांठ दिसत नाहीं, वाऱ्याच्या दिवशीं लाटा धक्क्यावर आदळतात, आणि नवखा मनुष्य त्यास समुद्रच समजतो. भेद इतकाच, कीं हें पाणी गोडें आहे आणि सारें शहर तेंच पितें. अशा पाण्याचा कांठ लाभणें हें शहराचें केवढें भाग्य! पण जेथें भाग्य असतें तेथें वांटणीचा तंटाहि ठरलेलाच असतो.

हाइड पार्क मध्यवर्ती शहराच्या दक्षिणेस सुमारें ७ मैलांवर आहे. आजचा प्रवासी रँडॉल्फ रस्त्याजवळच्या भूमिगत स्टेशनांत मेट्रा या सार्वजनिक संस्थेच्या विजेच्या गाडींत बसतो. गाडी दक्षिणेकडे निघते. डाव्या हातास सरोवर आणि उजव्या हातास शहर. या दिशेस पूर्वपश्चिम जाणाऱ्या रस्त्यांस क्रमांक दिलेले असून दक्षिणेस जावें तसे ते वाढत जातात; म्हणून स्टेशनच्या पाटीवरील आंकडा वाचला कीं गाडी कोठवर आली तें कळतें. पंधरावीस मिनिटांत ५३ व्या रस्त्याजवळचें स्टेशन येतें, प्रवासी उतरतो, आणि थोडें पूर्वेस चालल्यावर पाणी दिसूं लागतें. प्रवास एवढाच. परंतु या पंधरावीस मिनिटांच्या मागें पावणेदोनशें वर्षांच्या सुमाराचा इतिहास आहे.

त्या इतिहासाचा आरंभ एका सौद्यानें झाला. इ. स. १८५३ मध्यें पॉल कॉर्नेल नांवाच्या एका तरुण वकिलानें शहराबाहेर, सरोवराच्या कांठीं, ३०० एकर जमीन विकत घेतली. भोंवतीं वाळू, दलदल आणि झाडी होती. शहरांतून तेथें नित्य जाणेंयेणें करावें अशी सोय नव्हती. कॉर्नेलनें आपल्या जमिनीपैकीं ६० एकर इलिनॉय सेंट्रल रेल्वे कंपनीस दिली आणि मोबदल्यांत स्टेशन मागितलें. इ. स. १८५६ मध्यें ५३ व्या रस्त्यापाशीं स्टेशन उभें राहिलें आणि शहरांत कामास जाऊन सायंकाळीं घरीं परतणाऱ्या लोकांसाठीं नियमित गाड्या सुरू झाल्या. शिकागोंतील उपनगरी रेल्वेचा हा प्रारंभ होय. घरें नसतांना गाडी आली, आणि गाडी आली म्हणून घरें झालीं. लंडन व न्यूयॉर्क येथील श्रीमंत भागांचें नांव वसाहतीस देऊन कॉर्नेलनें तिची प्रतिष्ठाहि आधींच ठरवून टाकली. सरोवराकांठीं त्यानें एक मोठें हॉटेल बांधविलें. अब्राहम लिंकनच्या वधानंतर, इ. स. १८६५ मध्यें, त्याची शोकाकुल पत्नी मुलांसह कांहीं काळ याच वसाहतींत येऊन राहिली होती.

आतां ही गाडी शहरांत कोणत्या वाटेनें शिरली तें पाहणें अगत्याचें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सरोवराच्या लाटा मिशिगन अॅव्हेन्यू या धनिकांच्या रस्त्याचा कांठ खात चालल्या होत्या. लाटा अडविणारा बांध घालण्यास नगरपालिकेजवळ पैसा नव्हता. कंपनीस शहरांत येण्यास वाट हवी होती. तेव्हां इ. स. १८५२ मध्यें असा ठराव झाला, कीं कंपनीनें सरोवराच्या कडेनें रूळ न्यावे आणि त्याबद्दल बांध घालून किनारा राखावा. त्याप्रमाणें लांकडी खांबांवर पूल बांधून रूळ थेट पाण्यांतून नेले गेले. पहिले प्रवासी पाण्यावरूनच शहरांत येत. मुंबईकरांस हें चित्र अगदींच अपरिचित वाटूं नये; चर्चगेटच्या वाटेवर एके काळीं समुद्र असाच रुळांच्या शेजारीं होता, आणि पुढें भराव पडून तो दूर सरला.

शिकागोंतहि भराव पडला, पण त्याचें कारण भयंकर होतें. इ. स. १८७१ च्या ऑक्टोबरांत शहरास आग लागली. सुमारें ३०० माणसें मेलीं, लाखभर लोक बेघर झाले, आणि शहराचा मध्यभाग राखेचा ढीग होऊन बसला. तो ढिगारा टाकावयाचा कोठें? किनारा आणि रेल्वेचे रूळ यांच्यामध्यें जें पाणी अडकून राहिलें होतें, त्यांत तो लोटण्यांत आला. आज जेथें ग्रँट पार्कची हिरवळ पसरली आहे, तिच्या कांहीं भागाखालीं जळालेल्या शहराच्या विटा आहेत. रुळांनीं पाण्यांत जी रेघ ओढली, तिच्या आधारानें जमीन सरोवरांत पुढें सरकली.

ही नवी जमीन आणि तिच्यापुढचें पाणी कोणाचें, हा प्रश्न लौकरच उभा राहिला. वास्तविक इ. स. १८३६ मध्यें कालव्याच्या अधिकाऱ्यांनीं शहराचा जो नकाशा केला, त्यांतच या कांठाच्या एका भागावर, ही जागा सर्वांची असून ती कायमची मोकळी राहावी, अशा आशयाची नोंद त्यांनीं करून ठेविली होती. परंतु नकाशावरील नोंद आणि कंपनीचें सामर्थ्य यांची गांठ पडली म्हणजे नोंद सहसा हरते. इ. स. १८६९ मध्यें इलिनॉय राज्याच्या कायदेमंडळानें गव्हर्नरचा विरोध बाजूस सारून एक कायदा केला आणि शहरासमोरील सरोवराच्या तळाची १,००० एकरांहून अधिक जागा रेल्वे कंपनीस देऊन टाकली. लोकमत खवळलें. चार वर्षांनीं, इ. स. १८७३ मध्यें, तो कायदा रद्द झाला. पण कंपनी हक्क सोडीना. शेवटीं इ. स. १८९२ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. असें पाणी व त्याखालची भूमि राज्याजवळ लोकांची ठेव म्हणून असते. राज्य हें तिचें विश्वस्त आहे, धनी नाहीं. आणि विश्वस्तानें ठेव अशी एखाद्या कंपनीच्या हवालीं करावयाची नसते, असें त्या निकालाचें सार होतें. न्यायाधीशांचीं मतें चार विरुद्ध तीन अशीं पडलीं. एका मतानें कांठ वांचला.

निकालानेंहि सर्व भागलें नाहीं. नगरपालिकेच्याच मनांत मोकळ्या जागेवर इमारती उभारण्याचे बेत येऊं लागले. तेव्हां माँटगोमेरी वॉर्ड नांवाच्या एका व्यापाऱ्यानें त्या १८३६ च्या नोंदीचा आधार घेऊन फिर्याद लावली. टपालानें माल विकण्याच्या धंद्यावर त्यानें अमाप पैसा मिळविला होता, आणि त्याची कचेरी मिशिगन अॅव्हेन्यूवरच होती. इ. स. १८९० पासून १९११ पर्यंत तो लढत राहिला. पुष्कळांनीं त्यास विकासाचा वैरी म्हटलें. गाडी सुटल्यावर प्रथम जें विस्तीर्ण उद्यान प्रवाशास लागतें, तें बहुतांशीं या चिवट व्यापाऱ्याच्या फिर्यादींमुळें मोकळें राहिलेलें आहे.

याच सुमारास हाइड पार्कचें स्वरूप पालटलें. इ. स. १८८९ मध्यें तो भाग शिकागो शहरांत सामील झाला, दुसऱ्याच वर्षीं तेथें शिकागो विद्यापीठाची स्थापना झाली, आणि इ. स. १८९३ मध्यें कोलंबसाच्या सफरीच्या चारशें वर्षांनिमित्त जें जागतिक प्रदर्शन भरलें, त्यासाठीं हाइड पार्कला लागून असलेल्या जॅक्सन पार्कची निवड झाली. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या उद्यानरचनाकारानें वाळू व दलदल यांतून जलाशय आणि बेटें निर्माण केलीं. सहा महिन्यांत तेथें सुमारें २ कोटी ७० लाख वेळां प्रवेश झाला. ९ ऑक्टोबर या एका दिवशीं ७ लाखांहून अधिक लोक आले. इतक्या माणसांस नेणें हाच एक पराक्रम होता. रेल्वे कंपनीनें हाइड पार्कमधील रूळ उंच भरावावर चढविले, म्हणजे रस्ते खालून मोकळे राहिले. शहरांतून उंच खांबांवरून जाणारी दुसरी आगगाडी मे महिन्यांत थेट प्रदर्शनापर्यंत आली. ट्रामगाड्या होत्या, सरोवरावरून आगबोटी होत्या.

त्या वर्षीं शिकागोस गेलेल्यांत हिंदुस्थानचे पाहुणेहि होते. सर्वधर्मपरिषद मात्र प्रदर्शनाच्या आवारांत भरली नव्हती. ती मध्यवर्ती शहरांत, मिशिगन अॅव्हेन्यूवरील नव्या कलाभवनांत सप्टेंबरमध्यें झाली. स्वामी विवेकानंदांचें तेथील भाषण सर्वांस ठाऊक आहे. मुंबईच्या ब्राह्मसमाजाचे प्रतिनिधि म्हणून बी. बी. नागरकर हेहि त्याच व्यासपीठावर होते, हें फारसें कोणाच्या स्मरणांत नसतें. सर्व मानव एका ईश्वराचीं लेंकरें, हा त्या परिषदेचा सूर होता. पण त्याच सुमारास प्रदर्शनांत आयडा बी. वेल्स व फ्रेडरिक डग्लस यांनीं एक पुस्तिका वांटली. अमेरिकेच्या वैभवांत ज्या कृष्णवर्णीयांचे श्रम ओतलेले आहेत, त्यांस या प्रदर्शनांत स्थान कां नाहीं, असा तिचा रोखठोक प्रश्न होता. वाट सर्वांसाठीं खुली झाली होती. पण कांठ सर्वांचा झालेला नव्हता.

पुढील पंचवीस वर्षांत हा प्रश्न अधिक बिकट झाला, आणि त्यांतहि आगगाडीचाच हात होता. प्रदर्शनाच्याच वर्षीं इलिनॉय सेंट्रलनें १२ व्या रस्त्यापाशीं, सरोवराजवळ, दूरच्या गाड्यांसाठीं भव्य स्टेशन बांधलें. इ. स. १९७४ मध्यें तें पाडण्यांत आलें. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हजारों कुटुंबांनीं शिकागोचें पहिलें दर्शन त्याच्या पायरीवरून घेतलें. मिसिसिपी, लुइझियाना वगैरे दक्षिणेंतील राज्यांतून कृष्णवर्णीय लोक जाच व दारिद्र्य सोडून याच कंपनीच्या गाड्यांनीं उत्तरेकडे येत होते. ‘शिकागो डिफेंडर’ हें कृष्णवर्णीयांचें वृत्तपत्र आगगाडींतील नोकरांच्या हातून दक्षिणेंत पोंचे आणि लोकांस उत्तरेची वाट दाखवी. शिकागोंतील कृष्णवर्णीयांची संख्या इ. स. १९१० मध्यें ४४,१०३ होती. ती १९२० मध्यें १,०९,४५८ झाली. त्यांस राहावयास मात्र शहराच्या दक्षिण भागांतील एक अरुंद पट्टाच मिळाला. मागणी वाढली, भाडीं वाढलीं, जागा तेवढीच राहिली.

हा पट्टा सरोवरापासून दूर नव्हता. उन्हाळ्यांत तेथील मुलें पाण्यावर जात. इलिनॉय राज्यांत इ. स. १८८५ पासूनच सार्वजनिक ठिकाणीं वर्णभेद करण्यास मनाई करणारा कायदा होता. त्यामुळें सरोवरांत कोणी कोठें पोहावें याविषयीं कोठेंहि पाटी नव्हती. पण पाटी नसली तरी रेघ होती. २५ व्या रस्त्याजवळचा कांठ कृष्णवर्णीयांचा आणि २९ व्या रस्त्याजवळचा गोऱ्यांचा, असें सर्वांनीं न लिहितां मानलेलें होतें. २७ जुलै १९१९ हा रविवार होता आणि उकाडा विलक्षण होता. युजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मित्रांसह एका तराफ्यावर खेळत होता. तराफा वाहत वाहत त्या न दिसणाऱ्या रेघेपलीकडे गेला. कांठावरून एका गोऱ्या माणसानें दगड फेकण्यास सुरुवात केली. युजीन बुडून मरण पावला. मुलांनीं माणूस दाखवून दिला असतांहि तेथील गोऱ्या पोलिसानें त्यास पकडण्याचें नाकारलें. पाण्यावर रेघ ओढतां येत नाहीं असें म्हणतात. त्या दिवशीं ती ओढलेली होती, आणि तिची किंमत एका मुलानें दिली.

त्यानंतर सुमारें आठवडाभर शहर पेटलेलें होतें. ३८ माणसें ठार झालीं, त्यांत २३ कृष्णवर्णीय व १५ गोरे होते. ५०० हून अधिक जखमी झाले. सुमारें १,००० कुटुंबें, बहुतेक कृष्णवर्णीय, बेघर झालीं. या दंगलींतील एक गोष्ट सार्वजनिक वाहनांच्या इतिहासांत विसरतां येण्यासारखी नाहीं. कामावरून परतणारे कृष्णवर्णीय मजूर ट्रामनें गोऱ्यांच्या मोहल्ल्यांतून जात. जमाव ट्रामचा विजेच्या तारेवरील दांडा ओढून गाडी थांबवी, आणि आंतील माणसांस बाहेर खेंचून मारी. त्यांतच २९ जुलैपासून ट्राम व उंचावरील आगगाडी यांच्या कामगारांचा संप सुरू झाला. मग ज्यांस पोटासाठीं कामावर जाणें भाग होतें, त्यांस त्याच मोहल्ल्यांतून पायीं जावें लागलें, आणि कांहीं जण परत आलेच नाहींत. गाडी ही किती मोठी सोय आहे आणि किती लहान आश्रय आहे, हें त्या आठवड्यांत दिसून आलें.

आजची गाडी २७ व्या रस्त्याचें स्टेशन मागें टाकून पुढें जाते, तेव्हां ही जागा डाव्या हातास येते. तेथें इ. स. २००९ मध्यें त्या मुलाच्या स्मरणार्थ एक पाटी बसविण्यांत आली. गाडी वेगांत असते. ठाऊक नसलेल्या प्रवाशास झाडें आणि पाणी एवढेंच दिसतें.

दंगल शमली, पण रेघ पुसली गेली नाहीं. ती पाण्यावरून जमिनीवर आली. हाइड पार्क व आसपासच्या भागांतील घरमालकांनीं आपसांत करार केले, कीं आपलें घर कृष्णवर्णीयांस विकावयाचें नाहीं व भाड्यानेंहि द्यावयाचें नाहीं. असे करार करविणाऱ्या संस्थांस विद्यापीठाचाहि पाठिंबा होता. अशा कराराखालील, जवळच्याच वस्तींतील, एक घर कार्ल हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय गृहस्थानें इ. स. १९३७ मध्यें विकत घेतलें. जमावानें घरावर हल्ला केला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि इ. स. १९४० मध्यें निकाल हॅन्सबेरीच्या बाजूनें लागला, पण तो एका तांत्रिक मुद्द्यावर. अशा करारांची अंमलबजावणी कोणत्याहि न्यायालयानें करूं नये, हें तत्त्व प्रस्थापित होण्यास इ. स. १९४८ उजाडावें लागलें. कार्लची मुलगी लॉरेन हिनें पुढें १९५९ मध्यें रंगभूमीवर आणलेलें ‘अ रेझिन इन द सन’ हें नाटक, घर घेऊं पाहणाऱ्या अशाच एका कुटुंबाची कहाणी सांगतें.

या अवधींत गाडी मात्र सुधारत होती. इ. स. १९२६ मध्यें इलिनॉय सेंट्रलच्या उपनगरी गाड्या विजेवर चालूं लागल्या. मुंबईची पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं धांवली, म्हणजे शिकागोच्या सरोवराकांठच्या गाडीपेक्षां मुंबईची वडील आहे. आणि दोन्हीकडे १,५०० व्होल्टचा एकाच जातीचा प्रवाह वापरला गेला, हा योगायोगहि नोंदण्यासारखा आहे. कोळशाचा धूर गेला, वेग वाढला. रूळ आणि पाणी यांच्यामध्यें पुन्हां भराव घालून लांबलचक उद्यान तयार करण्यांत आलें. डॅनियल बर्नहॅम यानें इ. स. १९०९ च्या आपल्या नगररचनेंत सरोवराचा कांठ लोकांचा असावा असा आग्रह धरला होता. त्याचेंच हें फळ. ५५ व्या रस्त्याच्या टोंकाशीं इ. स. १९३७ मध्यें ‘प्रॉमाँटरी पॉइंट’ हें सरोवरांत शिरलेलें भूशिर खुलें झालें. त्याच्या कडेनें चुनखडीच्या शिळांच्या पायऱ्या आहेत. घाटावर बसावें तसे लोक तेथें बसतात.

इ. स. १९४८ च्या निकालानंतर हाइड पार्कमध्यें कृष्णवर्णीय कुटुंबें येऊं लागलीं आणि कित्येक गोरीं कुटुंबें निघून जाऊं लागलीं. तेव्हां विद्यापीठ, नगरपालिका व रहिवाशांच्या संस्था यांनीं पुनर्रचनेची योजना आंखली, इ. स. १९५८ मध्यें ती मंजूर झाली. जुनीं घरें व ५५ व्या रस्त्यावरील दुकानें पाडलीं गेलीं, आणि त्यांबरोबर पुष्कळ गरीब कुटुंबांस, विशेषतः कृष्णवर्णीयांस, तेथून उठावें लागलें. दुसऱ्या बाजूनें पाहतां, काळे व गोरे शेजारीं शेजारीं राहतात अशी जी थोडी वस्ती त्या शहरांत टिकली, तींत हाइड पार्कची गणना होऊं लागली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी झांकणें इतिहासास शोभणार नाहीं. वर्णाची रेघ पुसट झाली, तेथें पैशाची रेघ ठळक झाली. पाण्याचा तंटाहि संपला नव्हता. हाइड पार्कच्या आणखी दक्षिणेस रेनबो बीच म्हणून कांठ आहे. तेथें कृष्णवर्णीयांस मज्जाव होई. इ. स. १९६० व १९६१ या सालीं काळ्या व गोऱ्या तरुणतरुणींनीं एकत्र जाऊन पाण्यांत उतरण्याचा सत्याग्रह केला, तेव्हां तो कांठ मोकळा झाला.

ही हकीकत दूरदेशची असली तरी मराठी माणसास ती परकी वाटण्याचें कारण नाहीं. युजीन विल्यम्सच्या मृत्यूस आठ वर्षें झालीं नाहींत तोंच, २० मार्च १९२७ रोजीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हजारों अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. तेथेंहि कागदावर मज्जाव नव्हता. मुंबई कायदेमंडळाचा इ. स. १९२३ चा ठराव होता, महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव होता. रस्ता होता, घाट होता, पाणी होतें. नव्हती ती फक्त माणसांची संमति. परत जाणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, आणि तळ्याचा वाद मुंबईच्या हायकोर्टांत मिटण्यास इ. स. १९३७ उजाडलें. डॉ. आंबेडकर स्वतः न्यूयॉर्क येथें शिकलेले, इ. स. १९४६ मध्यें त्यांनीं डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या कृष्णवर्णीय पुढाऱ्यास पत्र लिहून त्या समाजाच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची चौकशी केली होती. दोन्ही लढ्यांचें नातें त्यांस स्पष्ट दिसत होतें.

हाइड पार्कच्या स्टेशनांत उतरून पूर्वेस निघालेला प्रवासी प्रथम रुळांच्या भरावाखालून जातो. पलीकडे लहानसें उद्यान लागतें. त्यास हॅरोल्ड वॉशिंग्टन याचें नांव आहे; याच भागांत राहणारा हा गृहस्थ इ. स. १९८३ मध्यें शिकागोचा पहिला कृष्णवर्णीय महापौर झाला. उद्यानापुढें सरोवराच्या कडेनें मोटारींचा हमरस्ता धांवतो. शिकागोच्या जागेवर प्रथम घर करणारा परदेशी म्हणून ज्याची नोंद आहे, तो झां बाप्तिस्त प्वाँ द्यु साब्ल हा कृष्णवर्णीय होता. त्याचें नांव या रस्त्यास देण्यास इ. स. २०२१ साल यावें लागलें. रस्त्याखालील बोगद्यांतून पुढें गेलें, कीं भूशिराच्या त्या पायऱ्या लागतात. उन्हाळ्याच्या सायंकाळीं तेथें सर्व वर्णांचीं मुलें पाण्यांत उड्या घेतात. त्यांस कोणी अडवीत नाहीं, आणि आपणांस कोणी अडवीत नाहीं हें त्यांच्या ध्यानांतहि येत नाहीं. तसें तें न येणें हेंच या इतिहासाचें खरें यश म्हणावें लागेल. परंतु त्या मुलांस घेऊन आलेल्या वडीलधाऱ्या माणसांनीं, परतीच्या गाडींत २९ व्या रस्त्याजवळून जातांना, एकदां त्यांस खिडकीबाहेर पाहावयास सांगावें.